झिबलभाऊ, तुमचं पान मी काढलं

झिबलभाऊ, तुमच्या शोकसभेत माझं भाषण सगळ्यांत चांगलं झालं, असं गावात म्हणतात. दोन बायांनी पदर डोळ्यांना लावला म्हणे. तेव्हापासून मला माझीच किळस येते आहे. तुम्हाला जाऊन आज सोळा दिवस झाले तरी ती कमी होत नाही, म्हणून लिहायला बसलो. तुम्हाला वाचता येत नव्हतं, आणि आता तर वाचून दाखवणाराही तुमच्यापर्यंत पोहोचणार नाही. तरी लिहितो.

सभा ग्रामपंचायतीच्या सभागृहात होती. दारावर फ्लेक्स. त्यावर तुमचा फोटो एवढासा, आणि खाली 'शोकाकुल' म्हणून हात जोडलेल्या अकरा जणांचे फोटो त्याच्या दुप्पट. मधोमध माझा साळा मधुकर, माजी सरपंच, पांढऱ्या शर्टात. तुमचा फोटो आधार कार्डावरून उचललेला होता, त्यामुळे जन्मात कधी दिसला नाहीत इतके घाबरलेले दिसत होता. मधुकर उभा राहून म्हणाला, "झिबलभाऊ म्हणजे आपल्या तलावाचा चालताबोलता इतिहास होता." याच मधुकरनं भर ग्रामसभेत दोनदा तुम्हाला "खाली बस ना बुढ्या" म्हटलं होतं. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते मी त्या दिवशी कानांनी ऐकलं. लोकांनी माना हलवल्या. नंतर पोहे आले. पोह्यांवर शेव होती की नाही यावरून मागच्या रांगेत कुरकूर झाली.

माझं नाव पुकारलं तेव्हा मी घरून ठरवून आलो होतो. त्या पानाबद्दल बोलायचं, बस. उभा राहिलो. समोर मधुकर, बायांत माझी शालू, आणि दाराच्या चौकटीला टेकून तुमची सून रंजना. मी घसा साफ केला आणि तुमच्या गोड स्वभावावर दहा मिनिटं बोललो. झिबलभाऊ, तुमचा स्वभाव गोड नव्हता. तुम्ही तिरसट होता. डोंग्यात पोरं उभी राहिली तर तुम्ही त्यांना वल्ह्यानं ढोसायचे. मला हे सगळं माहीत होतं आणि मी 'गोड' म्हणालो, कारण गोड म्हटलं की पुढं काही बोलावं लागत नाही. रंजनानं डोळ्यांना पदर लावला नाही. ती माझ्याकडे बघत राहिली.

नवा मास्तर म्हणून मी ब्रह्मपुरीहून या गावात आलो तेव्हा मासा खात नव्हतो. शाळेच्या पहिल्याच उन्हाळ्यात तुम्ही पळसाच्या पानावर मासे घेऊन दारात उभे. "शाळेचा वाटा आहे," म्हणालात. मी म्हटलं, मी खात नाही. तुम्ही मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "मंग तलावाच्या गावात कायले आले, गुरुजी?" तीन वर्षांनी तुमच्याच ओसरीवर, तुमच्या बायकोनं चिंच घालून केलेला मासा मी पहिल्यांदा खाल्ला आणि काटा घशात अडकवून घेतला. तुम्ही भाताचा मोठा घास गिळायला लावला आणि पोट धरून हसलात. "काटा काढता येत नाई अन् पोराईले शिकवून राह्यले!" त्या दिवसापासून हे गाव मला आपलं वाटायला लागलं. पुढं शालूशी लग्न झालं, सासऱ्यानं घराशेजारी जागा दिली, आणि मी इथलाच झालो. पण त्या लग्नाआधी मला इथं रुजवलं ते तुम्ही.

वाटे पाडायची ती रीत मी दुसऱ्या कुठल्या गावात पाहिली नाही, निदान इतक्या कडकपणे पाळलेली. वैशाखात सगळा टोला, म्हणजे तुमची मासेमार ढिवरांची वस्ती, तलावात उतरायचा. मासे पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर आणून पळसाच्या पानांवर ढीग लावायचे. म्हाताऱ्या बाया वाकून वाकून बघायच्या, या ढिगातला एक मासा उचलून त्या ढिगात टाकायच्या. सगळं सारखं झालं की तुम्ही ढिगांकडे पाठ करून बसायचे. कोणी तरी एका वाट्यावर काडी ठेवून विचारायचं, "हा कोणाचा?" आणि तुम्ही तलावाकडे बघत नाव घ्यायचे. पाठ फिरवलेल्या माणसाला मोठा वाटा कोणता, छोटा कोणता हे दिसत नाही, म्हणून कोणी हूं की चूं करत नसे. जे जाळ्यावर आले नाहीत, आजारी आहेत, विधवा आहेत, त्यांचीही नावं तुमच्या तोंडी असत. आणि कधी ना कधी "हा गुरुजीचा" हे यायचंच. मी वर्गात पोरांना समान वाटप शिकवायचो, पण मी स्वतः ते शिकलो तुमच्या पाठीकडून.

मग मला इतिहासाची हौस आली. निवृत्तीला चार वर्षं उरली होती. आपल्या गावाचं आणि सावली तालुक्यातल्या आसपासच्या गावांचं एक पुस्तक करायचं मी मनावर घेतलं. धानाच्या रोवण्यात बाया काय गातात, दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत कोणतं नाटक कधी झालं, जुनी जात्याची जागा कुठं होती, सगळं वहीत. तलावाचं प्रकरण तुमच्याकडून. तुम्ही पाळीवर बसून सांगायचे आणि मी लिहायचो. आपली भांडणं तिथंच व्हायची. मी म्हणायचो, झिबलभाऊ, याला पुरावा पाहिजे, कागद पाहिजे. तुम्ही म्हणालात, "कागद पटवाऱ्याजवळ आहे. त्याच्या नकाशात तलाव अजून पुरा आहे. अन् डोळ्यानं पाहाल तर तिसरा हिस्सा धान लावून राह्यले लोक. आता सांगा, कागद खरा का डोळे खरे?" मी त्यावर काही तरी पुस्तकी बोललो होतो. ते आता आठवतही नाही. तुमचा प्रश्न मात्र आहे तिथंच आहे.

दगडाची गोष्ट तुम्ही सगळ्यांत शेवटी सांगितली. तुमच्या आज्याच्या काळात एका पावसाळ्यात पाळ फुटायला आली होती. ढिवरांच्या टोल्यातली माणसं तणस, फांद्या, घरच्या खाटासुद्धा टाकून दोन दिवस पाळीला पाठ लावून उभी होती. त्यात दोघं वाहून गेले. गाव वाचलं. मग मालगुजारानं आणि गावानं मिळून तलावाच्या पोटात एक काळा दगड रोवला. शेतीला पाणी सोडायचं, पण दगडाचं डोकं उघडं पडलं की तुडूम, म्हणजे पाणी सोडायचं तोंड, बंद. उरलेलं पाणी मासळीचं आणि ढोरांचं. आणि दगडाच्या आत कोणी नांगर घालायचा नाही. दोन माणसांच्या जिवाच्या बदल्यात टोल्याला मिळालेला तो हक्क होता. लिहून काही ठेवलं नव्हतं. दगड होता, तेवढाच.

"मंग कुठी आहे तो दगड?" मी तुमच्याच बोलीत विचारलं.

तुम्ही बिडी विझवली. मग म्हणालात, "रोज त्याच्यावर बसून आंग धुता, गुरुजी, अन् मलेच विचारून राह्यले?"

माझ्या सासऱ्यानं एका कोरड्या वर्षी तलावाच्या पोटात ट्रॅक्टर घातला, बांध्या, म्हणजे धानाचे वाफे, पाडल्या, आणि दगड उपटून आणून आमच्या न्हाणीत बसवला. त्याच्या मागून आणखी चौघांनी तेच केलं. आता त्यांची बांधी बुडू नये म्हणून पाणी लवकर सोडतात, आणि वैशाखापर्यंत चिखलात मासे तडफडून मरतात. त्या बांध्यांतल्या पाच सासऱ्यानं शालूला दिल्या. म्हणजे मी खातो तो तांदूळ तुमच्या तलावाच्या पोटातला. हे मला तुम्ही सांगेपर्यंत माहीत नव्हतं, असं मी स्वतःला सांगतो. पण सांगितल्यावर? सांगितल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच दगडावर बसलो आणि अंगाला साबण चोळला. तिसऱ्या दिवशीही. गरम पाणी होतं, काय करणार. माणूस स्वतःच्या घाणीला किती पटकन सरावतो, झिबलभाऊ.

तरी मी ते पान लिहिलं. दगड, दोन माणसं, ट्रॅक्टर, न्हाणी, सगळं. लिहिलं तेव्हा मला स्वतःबद्दल फार चांगलं वाटलं होतं. ब्रह्मपुरीच्या छापखान्यात शेवटचं वाचन करायला गेलो तेव्हा जीपमध्ये मधुकर सोबत बसला, कारण पुस्तक ग्रामपंचायतीच्या नावानं निघत होतं. त्यानं ते पान वाचलं. रागावला नाही. चहा मागवला. म्हणाला, "भाऊजी, हे पान काऊन टाकता? आपलेच दात, आपलेच ओठ. शालूच्या बी बांध्या तिथीच आहेत ना?" मी चहा प्यायलो. आणि म्हटलं, "तेही खरंच." बस, एवढंच बोललो. मला कोणी धमकावलं नाही, कोणी माझा हात पिरगाळला नाही. एक कप चहा पुरला. छापखानेवाला म्हणाला, पान रिकामं राहते, काही तरी द्या. त्याच्या संगणकात एक कमळाचा फोटो होता. तो तिथं छापला. खाली 'आमचा तलाव'. माझं हातानं लिहिलेलं पान टेबलाखालच्या टोपलीत गेलं.

तुम्ही पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत घालून देवाजवळ ठेवलं होतं. रंजनानं मला पुढं सांगितलं, तुम्ही रोज संध्याकाळी तिला एक-एक प्रकरण वाचायला लावलं. ती माझीच विद्यार्थिनी. बोट ठेवून न अडखळता वाचायला मीच तिला शिकवलं. तलावाच्या प्रकरणाला आली, एक पान उलटलं, दुसरं उलटलं. म्हणाली, "मामाजी, इथी कमळाचा फोटू आहे."

"कमळ?" तुम्ही म्हणालात. "आपल्या तलावात कमळ कुठी आहे व बाई?"

ती म्हणाली, तुम्ही तिला पुन्हा पहिल्यापासून वाचायला सांगितलं. तिनं वाचलं. मग तुम्ही म्हणालात, राहू दे, आणि बिडी लावली.

माझ्या दारात येऊन तुम्ही शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तुम्ही आला नाहीत. त्या उन्हाळ्यात जी थोडी मासळी निघाली तिचे वाटे पाडले, मी नेहमीप्रमाणे पाळीवर जाऊन उभा राहिलो. तुम्ही पाठ करून बसलात. काडी फिरत गेली. "हा कोणाचा?" "हा कोणाचा?" नावं येत गेली. शेवटी एक वाटा उरला. काडी त्याच्यावर होती. विचारणाऱ्यानं दोनदा विचारलं. तुम्ही तलावाकडे बघत गप्प. कोणी तरी हळूच म्हणालं, "भाऊ, गुरुजी राह्यले ना." तुम्ही वळला नाहीत. उठून जाळं झटकायला लागलात. तो वाटा कोणी उचलला नाही. मीही नाही. पाच वाजेपर्यंत त्यावर कावळे बसले होते आणि वास यायला लागला होता.

मी तुम्हाला घरी गाठून विचारलं, राग आहे का. तुम्ही म्हणालात, "राग नाई, गुरुजी. तुमचं नाव तोंडात येऊनच नाई राह्यलं. म्या काय करू?"

त्यानंतर तीन वर्षं आपण पावसापाण्याचंच बोललो. राम राम, कसं आहे, बरं आहे. मी मनात म्हणायचो, दुसऱ्या आवृत्तीत ते पान घालू. गावाच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती कुठं निघते? पहिलीच्या निम्म्या प्रती ग्रामपंचायतीच्या कपाटात वाळवीनं खाल्ल्या. पण ती आशा मला सोयीची होती. तुम्हाला खोकला झाला, तुम्ही पाळीवर येणं बंद केलं, आणि मी दर आठवड्याला ठरवायचो की या आठवड्यात जाऊन माफी मागायची. शेवटी गेलो तो खांदा द्यायला. खांदा मी दिला, झिबलभाऊ. मधुकरनंही दिला, फोटो काढेपर्यंत.

शोकसभेच्या त्या भाषणानंतर मला घरी जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. गेल्या रविवारी सकाळी मी सब्बल घेऊन न्हाणीत गेलो आणि दगडाभोवतीचं सिमेंट फोडायला लागलो. शालू धावत आली.

"काय करून राह्यले हे?"

"दगड तलावात नेतो."

ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. ती भांडेल असं मला वाटलं. ती म्हणाली, "आता? झिबलभाऊ जिता होता तेव्हा काऊन नाई नेला?" आणि आत जाऊन तिनं मला जुनं पोतं आणून दिलं, दगडाखाली घालायला. शालूच्या नावावर त्या बांध्या आहेत. तरी तिनं पोतं दिलं. माझ्यापेक्षा ती बरी.

आवाज ऐकून मधुकर आला. मी म्हटलं, आता भांडण. तो हसला. "न्या ना भाऊजी, दगडच तर आहे. बैलबंडी पाहिजे का? माही घेऊन जा." दाराशी जाऊन वळला आणि म्हणाला, "रोवता कुठी, ते पाहा फक्त." त्याच्या हसण्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. मला वाटलं, तुम्ही गेल्यावर तरी वैर विसरला. तीस-पस्तीस वर्षं मास्तरकी करून मी असाच राहिलो.

बंडी पाळीवर नेली. तुमच्या टोल्यातली माणसं जमली. रंजना आली. तुमच्या बरोबरीचे दोन म्हातारे आले, गोविंदा आणि बुधा. तलावाच्या पोटात उन्हाळी धानाचा रोवणा नुकताच झालेला, जिकडं बघावं तिकडं सारखं हिरवं आणि सारखा चिखल. गोविंदा म्हणाला, दगड त्या पळसाच्या रेषेत होता. बुधा म्हणाला, छट्, पळस तर मागून उगवला, दगड तुडुमाच्या समोर होता, लय आत. दोघांच्या जागांत शंभरेक पावलांचा फरक. दगड हातभर वर रोवला तर पाणी एका हिशोबानं राहतं, खाली रोवला तर दुसऱ्या. चुकीच्या जागी रोवला तर मधुकर उद्या त्यालाच हद्द म्हणून दाखवेल. तेव्हा मला त्याचं हसणं कळलं. दगड द्यायला त्याला काहीच जड नव्हतं. जागा माहीत असणारा माणूस आता उरला नव्हता.

म्हातारे भांडत होते. रंजना माझ्याजवळ आली. शोकसभेपासून ती माझ्याशी बोलली नव्हती.

"गुरुजी, तुमाले तर मामाजीनं उभं केलं होतं ना त्या जागेवर?"

मी तिच्याकडे बघितलं.

"पुस्तक लिवत होते तेव्हा. घरी येऊन सांगतलं होतं त्याईनं. लय खूश होते. म्हणे, 'गुरुजीले जागा दाखवून आलो. आता म्या मेलो तरी फिकर नाई.'"

खरं आहे, झिबलभाऊ. तुम्ही दाखवली होती. धान कापलेलं होतं, दुपार होती, तुम्ही माझं मनगट धरून बांध्यांतून मला नेलं. एका जागी थांबलात, टाचेनं माती उकरली आणि म्हणालात, इथी. मला तिथं उभं केलं. मी पायताणं न काढता, पँट वर धरून उभा होतो, चिखल लागू नये म्हणून. वही काढली तर तुम्ही माझा हात खाली केलात. "लिवू नका. कागद काय, कोणी बी फाडते. पायानं ध्यानात ठेवा." मी हो हो म्हणालो. आणि पाळीवर आल्यावर हळूच लिहून घेतलं, तुडुमापासून किती पावलं, कोणत्या बाजूला. तुमच्यापेक्षा कागदावर माझा विश्वास जास्त होता. तो आकडा छापखान्याच्या टोपलीत गेलेल्या त्याच पानात होता.

मी चपला काढल्या आणि बांधीत उतरलो. माझ्याच बायकोचं धान तुडवत चालत गेलो.  एका जागी थांबलो. मग थोडं पुढं गेलो. मग डावीकडं. सगळीकडं तोच थंड चिखल, घोट्यापर्यंत.

"इथी का, गुरुजी?" रंजना पाळीवरून ओरडून विचारत होती. "इथी का?"

सगळा टोला माझ्याकडे बघत होता, आणि मला हो म्हणता येत नव्हतं.